फोडणीला रजा

आमच्या जालना जिल्ह्यात सोयाबीनबद्दल कुणालाही काहीही विचारा. आज मोंढ्यात काय भाव निघाला, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की व्यापारी कसं तोंड वाकडं करतो, मागच्या वर्षी विकलं ते बरं झालं की घरात ठेवलं असतं तर बरं झालं असतं, या विषयांवर बदनापूरपासून मंठ्यापर्यंत प्रत्येक माणूस तासभर बोलू शकतो. फक्त एक विचारायचं नाही: सोयाबीन चवीला लागतं कसं? ते कुणाला ठाऊक नाही. कट्ट्यात भरून कारखान्यात जातं, तेल होऊन घरी येतं आणि पेंड होऊन कोंबड्यांकडे जातं. गव्हाच्या दळणात मूठभर टाकणारी घरं आहेत, भाजीत सोयाबीनच्या वड्या टाकणारीही आहेत. पण ‘आज जेवायला सोयाबीन केलंय’ असं कुणी म्हटलं तर आलेला पाहुणा हळूच गाडीची चावी शोधू लागेल.

याच दाण्यावर जपान नावाचा देश हजाराहून जास्त वर्षं जेवतो आहे. सोयाबीन आंबवून मिसो, आंबवून गाळलं की शोयू, दूध काढून फाडलं की तोफू, गाळून उरलेल्या चोथ्याची भाजी, आणि सोयाबीन कुजवून (जपानी माणूस इथेही आंबवूनच म्हणेल) तार सुटणारं नात्तो. ओसाकात १७८२ साली ‘तोफू ह्याकुचिन’ नावाचं पुस्तक निघालं. त्यात फक्त तोफूच्या शंभर कृती होत्या. ते असं खपलं की पुढच्याच वर्षी दुसरा भाग काढावा लागला. आमच्याकडे इतकं सोयाबीन पिकतं, पण त्यावर आजवर एकच साहित्यप्रकार लिहिला गेलाय: पीकविम्याचा अर्ज.

तर हे तोफू-मिसोचं खूळ आमच्या घरात आणलं माझ्या भाचीने. ती पुण्यात जपानी शिकली आणि आता एका जपानी कंपनीत दुभाषी आहे. पुण्याला यात नवल नाही. जपानी शिकणारी मुलं तिथे गल्लोगल्ली आहेत. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली जपानी बाग आहे आणि तिला नाव पु. ल. देशपांडे यांचं आहे. ज्या शहरात जपानी बागेला विनोदी लेखकाचं नाव देतात, तिथली मुलगी जालन्याच्या मावशीला जपानी स्वयंपाकाला जुंपणार हे ओघानं आलंच.

ती आषाढात आली ती पिशवीत तीन पुडकी घेऊन. एकात मिसो, एकात वाळलेली शिताके अळंबी आणि एकात कोंबू नावाचं समुद्री शेवाळ. आमच्या सासूबाईंनी कोंबूची पट्टी हातात घेऊन उजेडात धरली. काळपट हिरवी, कडक, तळव्याएवढी रुंद, वर पांढरी भुकटी.

“हा पट्टा कुणाचा गं?”

“आजी, ते खायचं आहे.”

“मग परत दे. बुरशी आलीय.”

ती बुरशी नसून चव आहे, धुवायची नाही, फार तर ओल्या फडक्याने हलकं पुसायचं, असं भाचीने सांगितलं. आईंनी ती पट्टी पुन्हा पुडक्यात ठेवली आणि हात मात्र साबणाने धुतले.

नेमकी आषाढी एकादशी होऊन आईंचा चातुर्मास लागला होता. कांदा, लसूण, वांगं या तिघांची घरातून चार महिने हकालपट्टी. भाची म्हणाली, मावशी, हाच मुहूर्त आहे, कारण जपानच्या झेन मठातल्या स्वयंपाकात, शोजिन र्योरीत, मांस-मासळी तर नसतेच, पण कांदा, लसूण आणि त्यांची सगळी भावकीही बाद असते. जपानी म्हटलं की लोकांना सुशी आठवते. पण हाताने दाबून वर मासा ठेवलेली ती सुशी १८२०च्या दशकातली, एडो शहरात उभ्या उभ्या खायची. तिला जुनी म्हणायचं तर आमचा वडापावही ऐतिहासिक ठरेल. खरं जुनं जेवण म्हणजे भात, एक सार, तीन साधे पदार्थ आणि लोणचं. गरिबाघरी तीनऐवजी एकच.

मांसबंदीही तिथली जुनीच. सम्राट तेन्मूने इ. स. ६७५ मध्ये बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसाला मनाई केली, चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंत. थोडक्यात, त्यांचाही चातुर्मासच, दोन महिने जास्तीचा. पुढे ही बंदी या ना त्या रूपात टिकली आणि थेट १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने जाहीरपणे गोमांस खाल्लं तेव्हा उठली. मी हे सगळं आईंना कौतुकाने सांगितलं. त्यांनी यादीतला एकच प्राणी धरून ठेवला.

“माकड?”

“बंदी घातली होती, आई.”

“म्हणजे आधी खात होते.”

बंदीच्या कागदावरून आधीची वहिवाट ओळखायची ही पद्धत इतिहासाचे प्राध्यापकही वापरतात. आईंना ती भावकीच्या वाटण्या बघून आली आहे.

मग मी आमच्या जिल्ह्याचं पारडं जड करायला भोकरदन काढलं. कांदा-लसूण सोडायची शिकवण बौद्ध भिक्षूंनी आपल्याकडून पूर्वेला नेली. लंकावतार सूत्रात मांसाबरोबर या दोघांनाही मनाई आहे. आणि सांचीच्या स्तूपाला ज्यांनी दान दिलं त्यांची नावं तिथे दगडात कोरलेली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. भोगवर्धन म्हणजे आपलं भोकरदन. भोकरदनकरांनी दोन हजार वर्षांपूर्वी धर्माची पावती फाडली, तेव्हा आता एक वाटी सार आपल्याकडे यायला हरकत नाही, असा माझा युक्तिवाद होता. आमचे हे म्हणाले, “भोकरदनला अजून पावत्याच फाडतात.” यांचं बियाण्यांच्या कंपनीत काम आहे, तालुक्या-तालुक्यांत हिंडणं असतं, त्यामुळे प्राचीन इतिहासावरही यांच्याकडे ताजी माहिती असते.

भाची परत गेल्यावर मी सामानाची यादी केली आणि मला गंमत वाटली. तांदूळ, राळे, मुळा, लाल भोपळा, पालक, तीळ, सोयाबीन. यातलं काहीही परदेशातून मागवावं लागत नाही. सगळं आठवडी बाजारातलं. अडचण आली ती समुद्राची. ‘तोत्तोचान’ ज्यांनी वाचलंय त्यांना कोबायाशी गुरुजी आठवतील. मुलांच्या डब्यात रोज काहीतरी डोंगरावरचं आणि काहीतरी समुद्रातलं असावं, असा त्यांचा आग्रह. ते गुरुजी आमच्याकडे बदलून आले असते तर पालकसभा गाजली असती. डोंगराचं एक वेळ जमवू, अजिंठ्याची रांग भोकरदनच्या डोक्यावर आहे. पण समुद्रातून जालन्याला फक्त मीठ येतं.

आणि समुद्रफेस. तो कुठे मिळतो हे मला राळ्यांमुळे कळलं.

राळ्यांची गोष्ट अशी, की जुन्या जपानात पांढरा भात पिकवणाऱ्याच्या ताटात क्वचित पडे. तांदूळ सारा भरायला. एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ, सुमारे दीडशे किलो, म्हणजे एक कोकू, आणि सरदाराची ऐपत किती कोकू यावर मोजायची. पिकवणाऱ्याच्या वाट्याला राळे, सातू, वरईच्या जातीची बारीक धान्यं आणि मुळ्याचा पाला. नावावर सातबारा असलेल्या कुणालाही हा जपान परका वाटू नये. म्हणून मी ठरवलं, भातात राळे मिसळायचे.

किराणा दुकानदार म्हणाला, “ताई, ते पाखरांच्या दुकानात बघा.” पाखरांच्या दुकानात लव्हबर्ड्सच्या कलकलाटात उभं राहून मी अर्धा किलो राळे मागितले.

“किती पाखरं आहेत?”

“चार.”

“लहान की मोठी?”

दोन मोठी, एक म्हातारं आणि एक दहावीला, असं तोंडावर आलं होतं. मी नुसतं “मिक्स” म्हणाले. त्याने समजूतदारपणे मान डोलावली आणि सोबत समुद्रफेसाचा तुकडा घ्यायचा सल्ला दिला. चोच घासायला बरा असतो म्हणे. मग त्यानेच सांगितलं की हे राळे माणसांनी खायचे नसतात, औषध मारलेलं असतं. शेवटी राळे मिळाले ते बचत गटाच्या स्टॉलवर. २०२३ साली जगाने भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं तेव्हापासून हे धान्य देखण्या पाकिटात शिरलंय, वर ‘ग्लुटेनमुक्त’ असा शिक्का. भाव बासमतीच्या बरोबरीने. आई म्हणाल्या, “लहानपणी राळ्याचा भात म्हणजे घरात तांदूळ नाही असं समजायचे. आता राळ्याचा भात म्हणजे घरात पैसे आहेत असं समजायचं का?”

यांना मात्र राळे-सातू मंजूर नव्हते. भात पांढरा आणि मोकळा. यांच्यासाठी मी एडोची हकीकत राखून ठेवली होती. सडलेला पांढरा तांदूळ खाऊन त्या शहरातले लोक पाय सुजून, लटपटत आजारी पडत आणि गावी जाऊन भरड धान्य खाल्लं की बरे होत. त्या दुखण्याला ‘एडोचं दुखणं’च म्हणत. पुढे १८८२-८३ मध्ये ‘र्युजो’ या जपानी युद्धनौकेवर ३७६ पैकी १६९ खलाशांना हाच बेरीबेरी झाला, २५ दगावले. ताकाकी कानेहिरो या आरमारी डॉक्टरने पुढच्या जहाजाचा शिधा बदलला आणि एकही मेला नाही. हे पाय चेपत म्हणाले, “बरं, घाल राळे.”

मठातल्या स्वयंपाकाचं सगळं वेड एका माणसाकडे जातं. दोगेन नावाचा तेविशीतला भिक्षू १२२३ साली धर्म शिकायला चीनला गेला. जहाज बंदराला लागलेलं असताना एका मठातला एकसष्ट वर्षांचा आचारी कित्येक कोस चालत जहाजावर आला, अळंबी विकत घ्यायला. दोगेनने त्याला विचारलं, या वयात ध्यान-पोथ्या सोडून चुलीपुढे काय बसता? म्हातारा खदाखदा हसला, तुला अजून काही कळलेलं दिसत नाही असं म्हणाला आणि अंधार व्हायच्या आत परत निघाला, कारण दुसऱ्या दिवशी पंगत होती. दोगेनला हे हसू जन्मभर पुरलं. परत येऊन त्याने १२३७ साली मठातल्या आचाऱ्यासाठी ‘तेन्झो क्योकुन’ लिहिलं. तांदूळ स्वतः निवड, वाळूत तांदूळ राहिला का बघ, तांदळात वाळू राहिली का बघ, एक दाणा वाया घालवू नकोस, धुवणाचं पाणीही उगाच फेकू नकोस.

मी हे वाचून दाखवत होते तेव्हा आई तांदूळच निवडत होत्या. “यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे?” त्यांनी विचारलं.

पाण्याची गोष्ट मात्र त्यांना आवडली. दोगेन ओढ्यातून ओगराळंभर पाणी घ्यायचा, अर्धं वापरायचा आणि उरलेलं अर्धं परत ओढ्यात सोडायचा. त्याच्या एइहेइजी मठाच्या दाराशी त्या अर्ध्या ओगराळ्याच्या नावाचा पूल आहे. जालन्यात नळाचं पाणी येण्याच्या दिवशी असा माणूस गल्लीत सापडला असता तर बिनविरोध नगरसेवक झाला असता. आम्ही तांदळाचं धुवण मोगऱ्याला घालतो, भाज्या धुतलेलं पाणी अंगणाला, आणि २०१२-१३च्या दुष्काळात तर अंघोळीचं पाणी मोसंबीच्या खोडाशी नेणारी माणसं या जिल्ह्याने पाहिली आहेत. साक्षात्कार तेवढा कुणाला झाला नाही. टँकरची वाट बघण्यात राहून गेला.

तोफूचं काम मी अंगावर घेतलं. पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवलं. सकाळी फुगून दुप्पट. मिक्सरमधून गंधासारखं वाटलं, धुतलेल्या पंच्यातून पिळून दूध काढलं. दिसायला गाईचं, वासाला नुकत्याच कापलेल्या गवताचं. ते गॅसवर ठेवलं आणि तिथे कळलं की साध्या दुधाला उतू जाण्याआधी थोडी लाज असते, याला नाही. फेस असा चढतो की पातेल्यात चार बोटं दूध आणि वर वीतभर ढग. दहाएक मिनिटं उकळलं तेव्हा हिरवट वास गेला. मग लिंबाचा रस गार पाण्यात कालवून थोडा थोडा ओतला, तसं पिवळसर पाण्यात पांढरे पुंजके सुटत गेले. ते पंच्यात बांधून पाट्यावर ठेवले, वर वरवंटा. शेजारच्या भांड्यात मिठाने चोळलेला मुळा दुसऱ्या दगडाखाली दाबून ठेवला होता. चोथा वाया जाऊ नये म्हणून आईंनी त्यात ज्वारीचं पीठ घालून थालीपीठं लावली. संध्याकाळच्या जेवणाआधीच सगळे ती खाऊन मोकळे झाले, ही बाब मी दोगेनपासून लपवून ठेवणार आहे.

आणि मग सार. खरी लढाई इथे झाली.

कोंबू आणि अळंबी गार पाण्यात भिजवून अगदी मंद आचेवर ठेवायची आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत कोंबू बाहेर काढायचा. पुढे पालकाचे देठ, तोफूचे तुकडे, आणि गॅस बंद केल्यावर मिसो पळीत कालवून सोडायचं. मिसो घातल्यावर उकळायचं नाही. आमच्या स्वयंपाकघरात आजवर कुठल्याही पातळ पदार्थाला ‘खळखळून उकळू दे’ याखेरीज दुसरी आज्ञा मिळालेली नाही. हे पातेलं मात्र पाहुण्यांच्या मुलासारखं जपायचं. मी झारा घेऊन पहारा देत होते आणि शेजारून मोहरीचा डबा ओट्यावरून इंचाइंचाने माझ्याकडे सरकत होता.

“हिंग तरी?”

“नाही.”

“कढीपत्त्याची दोन पानं?”

“नाही, आई.”

“जिरं? जिरं तर उपासालाही चालतं.”

“काहीच नाही घालायचं.”

आई पातेल्यात बघत राहिल्या. “मग याला स्वयंपाक कसं म्हणायचं? हे तर नुसतं गरम केलंय.”

या वाक्यावर मी रात्रभर विचार केला. सामान तर सगळं आपल्याच शिवारातलं. अडतं ते हात आवरण्यापाशी. भोपळा नुसत्या शोयूत आणि चिमूटभर साखरेत शिजवून सोडून द्यायचा. पालक उकडून, पिळून, वर भाजलेल्या तिळाचं कूट. मुळा म्हणजे मुळा आणि मीठ. प्रत्येक पदार्थाशी माझा उजवा हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे जायचा आणि त्याला परत आणावं लागायचं. आपल्याकडे सुगरण ओळखायची ती काय काय घातलंय त्यावरून, आणि तिथे काय घालायचं राहू दिलं त्यावरून.

मिरचीचंच बघा. मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांच्या जहाजातून, जपानलाही ती पोहोचली त्याच सोळाव्या शतकात. त्यांनी तिचं काय केलं? १६२५ साली एडोत एका दुकानाने सात जिनसांची पूड काढली, त्यात तीळ, संत्र्याची साल वगैरेंच्या रांगेत मिरचीला एक जागा दिली, आणि ती डबी आजही ते नूडल्सवर चिमटीने भुरभुरवतात. आपण मिरचीला घर दिलं, जमीन दिली, कुलदैवताच्या नैवेद्यात बसवलं. ज्याला ती सोसत नाही त्याला आपण ‘आजारी आहेस का’ असं विचारतो. पोर्तुगीजांकडून तळण्याची कला उचलून त्यांनी तेंपुरा केला. आपण पाव आणि बटाटा उचलला आणि त्यात आपली भजी कोंबली. लाल भोपळाही त्यांना त्याच जहाजांतून मिळाला. एकाच दुकानातून सामान घेऊन दोन घरांत किती वेगळा स्वयंपाक व्हावा!

कोंबूचं माहात्म्य सांगून मी साराची बाजू सावरायचा प्रयत्न केला. टोकियोच्या किकुनाए इकेदांनी १९०८ साली याच शेवाळाच्या पाण्यातून गोड, आंबट, खारट, कडू यांपलीकडची एक चव वेगळी काढली, तिला उमामी नाव दिलं आणि पुढच्या वर्षी ती पांढरी पूड होऊन विकायला आली. तिचं व्यापारी नाव अजिनोमोटो. “म्हणजे गाडीवरचं?” चिरंजीवांनी पहिल्यांदाच मोबाइलमधून मान वर काढली. होय, तेच. ‘आमच्याकडे अजिनोमोटो वापरला जात नाही’ अशी पाटी लावून जो वापरला जातो, तोच.

यांना रस वाटला तो युद्धकाळच्या शिध्यात. जपानी सैनिक अळूच्या देठी मिसोत उकळून, वाळवून त्यांचा दोर वळत. चालताना तो दोर सामान बांधायला, आणि छावणी पडली की तोडून गरम पाण्यात टाकला की सार तयार. दौऱ्यावर जाताना असा कमरपट्टा असला तर धाब्याचा खर्च वाचेल, असा हिशोब यांनी मांडला. आई लगेच म्हणाल्या, “मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, पट्टा आहे म्हणून.” मग जरा थांबून, “आणि गरम पाण्यात कालवलं की आमटी तयार, हे आम्हाला कशाला शिकवता? आमच्या येसराला काय झालं?”

बरोबरच होतं. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीला येसराची आमटी असते. डाळी-धान्यं भाजून मसाल्यासकट दळून ठेवलेलं पीठ, गरम पाण्यात सोडलं की शंभर माणसांची सोय. फक्त वर तेलाची तर्री आणि फोडणी. तेवढ्यासाठी तर आमटी करायची.

भाताचे गोळे करायचं ठरलं होतं. तांदूळ इंद्रायणी, म्हणजे आधीच चिकट. एरवी भात चिकटला की नाक मुरडणाऱ्या घरात त्या दिवशी चिकटपणाचं कौतुक. ओल्या हाताला मीठ लावून गोळे वळायचे. हा पदार्थ किती जुना? इशिकावा प्रांतात १९८७ साली उत्खननात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा भाताचा एक गोळा सापडला, जळून कोळसा झालेला. आपल्याकडे भोगवर्धनचा बाजार भरात होता त्या सुमाराला तिकडे कुणाचा तरी भात करपला, आणि आज पंडित लोक त्याच्याकडे आदराने बघतात. करपलेल्या भाताचं इतकं चांगलं झालेलं मी तरी दुसऱ्या कुठल्या घरात पाहिलं नाही.

मी केळीच्या पानावर एका ओळीत गोळे मांडले आणि शोभेला वर काळे तीळ लावले. आई देवघरातून आल्या, पानाकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि आवाज उतरवून विचारलं, “कुणाचं गं?”

“काय कुणाचं?”

“अगं, भर श्रावणात?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की केळीचं पान, भाताचे गोळे आणि काळे तीळ यांचा आपल्याकडे दुसरा काय अर्थ होतो. चिरंजीव म्हणाले, “कावळा बोलावू?” त्यांना गप्प करून मी भाचीला व्हिडिओ कॉल लावला. तिने सांगितलं, मावशी, गोल कशाला करतेस, त्रिकोणी कर, तसेही करतात. मग सगळे गोळे मोडून त्रिकोणी वळले. त्रिकोणी पिंड कुठल्याच पोथीत नाहीत, त्यामुळे आईंनी हरकत मागे घेतली, मात्र तीळ पुसून काढायला लावले.

पण प्रकरण मिटलं नव्हतं. काड्या नव्हत्या म्हणून चिरंजीवांनी माझ्या स्वेटरच्या सुया घेतल्या होत्या. फोन नीट धरायला हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी त्या वाटीतल्या भातात उभ्या खोचल्या. पडद्यावरून भाची ओरडली, “काढ, काढ आधी!” भातात काड्या उभ्या खोचतात त्या मेलेल्या माणसाच्या नैवेद्यात. आणि एकाच्या काडीतून दुसऱ्याच्या काडीत घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा वेचतात. आईंचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जपान जवळचा वाटला असावा. “मी काय म्हणत होते? भात म्हटला की हे आलंच. कुठलाही देश असो.” त्यानंतर त्यांनी भाचीला जपानात सुतक किती दिवस असतं ते विचारलं आणि साराला साय धरेपर्यंत दोघींचं तेच चाललं.

जेवायला शेजारच्या भाभींनाही बोलावलं होतं. त्या जैन, त्यामुळे कांदा-लसणाविना केलेल्या जेवणाला हक्काच्या पाहुण्या. दिवस मावळायच्या आत आल्या. मुळा बघून त्यांनी हात जोडले, कंदमूळ. अळंबीचं सार चालत नाही. मिसो महिनोन् महिने आंबवलेलं, म्हणजे शिळंच. पालक चौमासात नाही. झेन भिक्षूंनी आठशे वर्षं सांभाळलेला सगळा शुद्धपणा भाभींनी एका नजरेत नापास केला. त्यांनी भात आणि तोफूचा एक तुकडा घेतला. शेवटी अतिशय सौजन्याने म्हणाल्या, “छान आहे, फक्त पनीर फाडताना काहीतरी झालंय.” चायना ग्रासची मोसंबीच्या रसातली वडी मात्र त्यांनी मागून घेतली. नाव चायना असलं तरी तो पदार्थही जपानचाच. १६५८ साली क्योटोजवळच्या एका सराईवाल्याने उरलेली शेवाळाची जेली थंडीत बाहेर टाकली, ती गोठून वाळली आणि हा शोध लागला, असं तिकडे सांगतात. मोसंबी अर्थात आपली, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. कोबायाशी गुरुजींचं समुद्रातलं काहीतरी असं अखेर किराणा दुकानातच निघालं.

आमचं म्हणाल तर मठात जेवताना बोलत नाहीत, हा नियम पहिल्या घासाला मोडला. ‘वाढू का’ हा आमच्याकडे प्रश्न नसतो, त्यामुळे तीन-तीन तुकड्यांचं ते नाजूक जेवण डावाने वाढलं गेलं. सार मात्र चमच्याविना, वाटी तोंडाला लावून भुरका मारत प्यायचं असतं हे कळल्यावर यांनी जपानला पूर्ण गुण दिले. तोफूवर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ल्यावर तर यांचं मत पक्कं झालं: माणसं हुशार आहेत, फक्त चटणी विसरतात. आईंनी मुळा पुन्हा घेतला. हा मुळा तिकडे भाताच्या कोंड्यात महिनोन् महिने मुरवतात, ताकुआन नावाच्या भिक्षूचं नाव त्याला आहे, आणि रात्री उपाशी झोपणारे भिक्षू भूक मारायला पोटाशी गरम दगड बांधत, हे मी सांगितलं. आपली म्हण भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा देते. यांनी दोन्ही भुकेलाच देऊन टाकलेत, असं आईंचं निरीक्षण.

शेवटी वाटीत गरम पाणी घालून, मुळ्याच्या फोडीने वाटी पुसून ते पाणी प्यायचं, म्हणजे कण वाया जात नाही. माझे सासरे जेवण झाल्यावर ताटात पाणी फिरवून पीत असत. आई तेव्हा त्यांच्यावर चिडायच्या, लोकांना वाटेल बायको पोटभर वाढत नाही. त्या रात्री त्यांनी स्वतः वाटी धुवून प्यायली आणि इकडेतिकडे बघून घेतलं.

पुढे आईंनी भाचीकडे पुण्याला पाव किलो येसर धाडला, तिच्या जपानी साहेबांसाठी. सोबत फोनवरून तोंडी कृती: गरम पाण्यात गुठळ्या न होता कालवायचा, उकळी आणायची, मग तेल तापवून मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण चालत असेल तर लसूण, आणि वरून काळा मसाला. आठवड्याने फोन आला. साहेबांना येसर फार आवडला. रोज सकाळी कपभर गरम पाण्यात चमचाभर कालवून घेतात.

“आणि फोडणी?”

“फोडणी नाही, आजी. ते म्हणतात, याला कशाचीच गरज नाही.”

आईंनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात माझं पुण्याचं तिकीट काढ. त्या माणसाकडे बघणारं कुणी नाही.”